आवृत्ती पहिली, सही निळ्या शाईतली
राजकीय आत्मचरित्रांच्या एका संग्रहाविषयी

अंबाजोगाईतल्या एका रद्दीच्या दुकानात बारा वर्षांपूर्वी मला एका माजी मंत्र्यांच्या भाषणांचे पुस्तक मिळाले. पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत त्यांची सही, तारीख आणि आमच्याच तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याचे नाव होते. नावाआधी ‘प्रिय’, सहीआधी ‘सस्नेह’. दुकानदाराने पुस्तक तराजूत टाकले आणि वजनावर पैसे घेतले. घरी येऊन पाहिले, तर मधल्या एका फर्म्याची पाने कटाईत सुटून वरच्या कडेला जोडलेलीच राहिली होती. म्हणजे ते पुस्तक कोणी वाचलेले नव्हते. सहीच्या पानावर मात्र हळदकुंकवाचा ठिपका होता. वाचले गेले नव्हते, पण दसऱ्याला पुजले गेले होते.

त्या दिवसापासून मी राजकीय नेत्यांची आत्मचरित्रे, चरित्रे आणि भाषणसंग्रह जमवू लागलो. शक्यतो पहिल्या आवृत्तीची, आणि मिळाली तर स्वाक्षरीची. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक, व्यापारी नाही. त्यामुळे या पुस्तकांचे मोल किती, यापेक्षा पहिल्या आवृत्तीतून आणि सहीतून राजकीय लेखनाविषयी कळते काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटत आला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

पहिली आवृत्ती ओळखणे मराठीत वाटते तितके सोपे नाही. शीर्षकपानामागचे मुद्रणतपशिलाचे पान हा एकमेव आधार, आणि तो प्रत्येक प्रकाशकाचा वेगळा. कोणी ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत काटेकोर फरक करतो, तर कोणी मजकुरात एक अक्षर न बदलता प्रत्येक छपाईला नवी आवृत्ती म्हणतो. जुन्या पुस्तकांवर शके असते, काहींवर नुसताच गुढीपाडवा किंवा विजयादशमी. त्यात आपल्या ग्रंथालयांची पद्धत अशी, की पुस्तक आले की वेष्टण काढायचे, जाड पुठ्ठ्याची बांधणी करायची आणि दिसेल त्या कोऱ्या जागेवर शिक्का मारायचा. वाचकांच्या हाताळणीचा विचार करता ते योग्यच आहे. पण वेष्टणावरचे छायाचित्र, मलपृष्ठावरचा परिचय आणि किंमत यांतून त्या वर्षी तो नेता स्वतःला कसा मांडत होता हे कळते, आणि ते सारे बांधणीत जाते.

माझ्या कपाटात वरच्या फळीवर तीन पुस्तके शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यावरून मला जे म्हणायचे आहे ते सर्वांत स्पष्टपणे मांडता येईल.

पहिले यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’. ते १९८४ साली आले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव गेले. आत्मचरित्राचे तीन भाग त्यांच्या मनात होते. पहिला कृष्णेकाठचा, दुसरा समुद्राकाठच्या मुंबईचा आणि तिसरा यमुनेकाठच्या दिल्लीचा. लिहून झाला तो पहिलाच. देवराष्ट्रे, कऱ्हाड, आई विठाई, तुरुंगातले वाचन, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांची ओढ आणि पुढे त्यांच्यापासून वेगळे होणे, बेचाळीसचे दिवस, हे सारे त्यात येते. १९४६ साली संसदीय चिटणीस म्हणून ते मुंबईला निघतात तिथे पुस्तक थांबते. मुख्यमंत्रिपद, चीनच्या आक्रमणानंतर हाती आलेले संरक्षण खाते, काँग्रेसची फूट, आणीबाणी यांतले काहीच त्यात नाही.

दुसरे पुस्तक आमच्या गावाशी नाते सांगणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांचे. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. इथल्या योगेश्वरी शाळेत स्वामीजी शिकवत होते आणि इथूनच ते हैदराबाद संस्थानाच्या राजकारणात उतरले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या त्यांच्या इंग्रजी आठवणी १९६७ साली मुंबईत प्रसिद्ध झाल्या. तोवर १९५२ आणि १९५७ अशा दोन निवडणुकांत ते लोकसभेवर गेलेले होते. परंतु पुस्तकाचा विषय संग्राम हा आहे, संसद नव्हे.

दोन्ही पुस्तके सत्तेच्या उंबरठ्यावर थांबतात. यशवंतरावांच्या बाबतीत मृत्यू आड आला, स्वामीजींनी विषयच तेवढा घेतला. कारणे वेगळी, पण वाचकाच्या हाती पडते ते एकच: लढ्याची हकीकत भरभरून आणि कारभाराची जागा कोरी. हा केवळ मराठी स्वभाव आहे असे मला पूर्वी वाटे. पण अमेरिकेतल्या अध्यक्षीय राजकारणावरची पुस्तके जमवणारे ज्या ग्रंथाला मानाचे स्थान देतात, त्या युलिसिस ग्रँट यांच्या आठवणींचीही गत हीच आहे. ग्रँट १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष होते. घशाच्या कर्करोगाशी झुंजत त्यांनी १८८५ मध्ये दोन खंड लिहून संपवले आणि काही दिवसांतच ते गेले. मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने विक्रेते दारोदार पाठवून ते खंड खपवले. त्यांत यादवी युद्ध पुरेपूर आहे, अध्यक्षपदाची आठ वर्षे जवळजवळ नाहीतच.

अशा पुस्तकांत एक गुण येतो. लिहिणाऱ्याला आता कोणाला राखायचे नसते. ‘कृष्णाकाठ’मधले यशवंतराव आपल्या तरुणपणच्या वैचारिक गोंधळाविषयी मोकळेपणाने लिहितात, कारण त्या गोंधळाची किंमत १९८४ मध्ये कोणी मागणार नव्हते. म्हणूनच या पुस्तकाची कोणतीही आवृत्ती वाचली तरी चालते. पहिली जवळ असल्याचा मला आनंद आहे, पण तिच्यावाचून वाचकाचे काही अडत नाही.

तिसऱ्या पुस्तकाची गोष्ट उलट आहे. शरद पवारांचे ‘लोक माझे सांगाती’ २०१५ च्या डिसेंबरात, त्यांच्या पंचाहत्तरीच्या सुमारास, राजहंस प्रकाशनाने काढले. इथे लेखक सत्तेच्या उंबरठ्यावर थांबत नाही. १९७८ चे पुलोद सरकार, संरक्षण मंत्रालय, काँग्रेसमधून बाहेर पडणे, कृषिखाते, हे सारे तो स्वतः सांगतो. या दृष्टीने मराठी राजकीय आत्मचरित्राने इथे एक मोठे पाऊल पुढे टाकले, हे मान्य केले पाहिजे. पण लेखक अजून खेळात आहे. त्यामुळे पुस्तक पूर्ण होत नाही, ते राजकारणाबरोबर चालत राहते. २ मे २०२३ रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये त्याची सुधारित आवृत्ती प्रकाशित झाली. २०१५ नंतरच्या घडामोडी, त्यातही २०१९ ची सत्तास्थापना, तीत नव्याने आल्या. त्याच समारंभात पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले आणि तीन दिवसांनी तो निर्णय मागे घेतला. पुढे दोन महिन्यांत, २ जुलैला, पक्ष फुटला. त्या दिवशी मंत्रिपदाची शपथ घेणाऱ्यांत आमच्या परळीचे आमदार धनंजय मुंडेही होते. सुधारित आवृत्तीची शाई वाळते न वाळते तोच ती जुनी झाली.

इथे पहिली आवृत्ती ही हौस राहत नाही, ती पुरावा होते. २०१५ चा लेखक २०१९ मध्ये काय होणार हे जाणत नव्हता. कोणत्या सहकाऱ्याविषयी त्याने किती लिहिले, कोणाविषयी मौन पाळले, कोणता शब्द सौम्य ठेवला, याला त्या वर्षाचे संदर्भ आहेत. २०२३ ची आवृत्ती वाचताना ते संदर्भ बदलतात. आपली परीक्षणे बहुधा एवढेच विचारतात, की नेत्याने कोणते गुपित फोडले. माझ्या मते समीक्षकाने दोन्ही प्रती टेबलावर शेजारी ठेवून वाचाव्यात आणि भर कुठे पडली इतकेच नव्हे, तर कोणत्या मजकुराला हात लावला नाही हेही पाहावे. न बदललेले वाक्य हेही लेखकाने आठ वर्षांनंतर पुन्हा केलेले विधान असते. पण सुधारित आवृत्ती आली की पहिली जुनी म्हणून रद्दीत जाते. बाजारात भाव येतो तो दिवंगत नेत्याच्या सहीला. अभ्यासाला जी प्रत हवी तिला बाजार विचारत नाही आणि ग्रंथालयही राखत नाही.

आता सहीकडे वळू. सही म्हणजे लेखकाचा स्पर्श, असे संग्राहक मानतो. त्यातही फसगत आहे. ग्रँट यांच्या पहिल्या खंडाची अर्पणपत्रिका त्यांच्या हस्ताक्षराची छापील प्रतिकृती आहे, आणि कित्येकांनी ती खरी सही समजून जपली. केनेडींच्या काळापर्यंत सह्या करणारे यंत्र आले होते. चार्ल्स हॅमिल्टन या हस्ताक्षरतज्ज्ञाने १९६५ मध्ये केनेडींच्या यंत्रसह्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आपल्याकडे यंत्राची गरज पडत नाही. सत्काराला शाल, श्रीफळ आणि पुस्तक यांची सांगड पक्की आहे. पन्नास प्रतींवर एका बैठकीत सह्या होतात, नावे स्वीय सहायक घालतो. शाई सारखी असली तरी नावाचे अक्षर आणि सहीचे अक्षर वेगळे दिसले, की पुस्तक कसे दिले गेले ते कळते.

म्हणून मी सहीपेक्षा सहीवरच्या नावाकडे अधिक पाहतो. ही प्रत कोणाला दिली? त्याने ती वाचली का? माझ्या संग्रहातल्या एका प्रतीत पुलोदच्या प्रकरणाशेजारी आधीच्या वाचकाने पेन्सिलीने लिहिले आहे, ‘आणि सोळंके?’ माजलगावचे सुंदरराव सोळंके त्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री होते. बीडचा वाचक राज्याची हकीकत वाचताना आपला माणूस शोधत असतो, हे त्या दोन शब्दांत आहे. आपल्या बहुतेक राजकीय आत्मचरित्रांना नामसूची नसते, त्यामुळे हा शोध पेन्सिल हाती घेऊन पानोपानी करावा लागतो.

शोध घेतला तरी हाती फार लागत नाही. १९६७ साली याच जिल्ह्याने साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवले. प्रमोद महाजन अंबाजोगाईत वाढले. गोपीनाथ मुंडे परळीजवळच्या नाथ्राचे. महाजन ३ मे २००६ रोजी गेले. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेतल्यावर नऊच दिवसांत, ३ जून २०१४ रोजी, मुंडे अपघातात गेले. दोघेही सभा जिंकणारे वक्ते, पण माझ्या फळीवर दोघांच्या नावाने आहेत ते गौरव अंक आणि स्मृतिग्रंथ. आत्मचरित्र नाही. गौरवग्रंथाला मी कमी लेखत नाही. त्यातल्या सामान्य कार्यकर्त्यांच्या लेखांत कुठल्या रात्री कोणाच्या जीपने प्रचार झाला हे सापडते. पण असे ग्रंथ समारंभापुरते छापले जातात, आणि पुढच्या समारंभापर्यंत त्यांचे गठ्ठे कार्यालयाच्या माळ्यावर जातात.

प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवावी, असा १९५४ चा कायदा आहे. जिल्ह्याच्या गावी समारंभासाठी छापलेल्या पुस्तकाच्या बाबतीत हे ध्यानात कोण ठेवतो? म्हणून माझे वय झाल्यावर हा संग्रह एका ग्रंथालयाला देण्याचे मी ठरवले. त्यांनी आनंदाने होकार दिला, पण वेष्टणे काढावी लागतील आणि एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या ठेवता येणार नाहीत, असे सांगितले. त्यांची जागेची अडचण खरी होती. मी पुस्तके परत आणली. सध्या प्रत्येक प्रतीची नोंद करतो आहे: आवृत्ती, वेष्टण, किंमत, सही कोणाची, नाव कोणाचे, नाव कोणाच्या अक्षरात, समासात काय लिहिले आहे. पुस्तके कुठेही गेली तरी ही वही राहील.

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण माझ्याकडे आला. रद्दीतल्या त्या पहिल्या पुस्तकावर ज्यांचे नाव आहे, त्या कार्यकर्त्याचा हा नातू. कोणाकडून तरी त्याला कळले होते. मी पुस्तक त्याच्या हाती दिले. त्याने आजोबांच्या नावावरून बोट फिरवले, मग पाने उलटू लागला. जोडलेल्या पानांशी अडखळून त्याने विचारले, “सर, आजोबांचं नाव आत कुठं छापलंय का हो?”

नाव छापलेले नव्हते. तीस वर्षे ज्या माणसाने सतरंज्या अंथरल्या, मतदारयाद्या तपासल्या, मोर्च्याला माणसे आणली, त्याचे नाव त्या पुस्तकात फक्त कोऱ्या पानावर, हाताने लिहिलेले होते. पहिल्या आवृत्तीत नाही, दुसरी निघाली असती तरी तीत आले नसते. सहीच्या प्रतीचे खरे मोल मला त्या दुपारी कळले. राजकीय पुस्तकात तालुक्याच्या माणसाला मिळणारी जागा बहुधा तेवढीच असते, आणि ती एकाच प्रतीत असते.

मी पट्टी आणून ती पाने कापली आणि सहीच्या पानाची झेरॉक्स काढून वहीत लावली. पुस्तक त्याला देऊन टाकले. “वाचून झालं की सांग,” म्हणालो. वहीत त्या नोंदीपुढे ‘परत दिले’ असे लिहिले आहे. ‘वाचले’ हा रकाना अजून मोकळा आहे.