‘अवेट’ ह्या क्रियापदाचा कर्ता

एकाच वेळी शेकडो वेब सेवांकडे विचारणा करावयाची, तर प्रत्येक विचारणेमागे एक थ्रेड उभा करावयाचा, ही जुनी रीत. उत्तर येईपर्यंत तो थ्रेड काहीच करीत नाही. तथापि ६४-बिट लिनक्सवरील जावामध्ये त्याच्या स्टॅकसाठी प्रायः १ मेगाबाइट जागा राखून ठेविली जाते. सहस्र विचारणा म्हणजे सुमारे १ गिगाबाइट, आणि तीही निव्वळ वाट पाहण्यासाठी!

२०१२ मध्ये सी शार्पच्या पाचव्या आवृत्तीत ‘असिंक’ व ‘अवेट’ ही पदे आली आणि हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेत शिरला. ‘अवेट’ म्हणजे वाट पाहणे; परंतु वाट पाहतो कोण? थ्रेड नव्हे. तो मोकळा होऊन अन्य कामास लागतो. थांबते ते फंक्शन. अध्याहृत कर्त्याची ही संदिग्धता विद्यार्थ्यांना हटकून चकवते. थ्रेड अडवून ठेवणारी विचारणा ते ‘टास्क रन’मध्ये गुंडाळतात, तीपुढे ‘अवेट’ लिहितात आणि थ्रेड वाचला असे मानतात. वस्तुतः पूलमधील दुसरा एक थ्रेड तेथे अडकून पडलेला असतो.

‘असिंक’ हे चिन्ह एका फंक्शनावर आले की त्याच्या उत्तरासाठी ‘अवेट’ लिहिणाऱ्या फंक्शनावरही ते यावे लागते. बॉब नायस्ट्रॉम ह्यांनी २०१५ मध्ये ह्या संसर्गास फंक्शनांचा ‘रंग’ म्हटले. रूपक चटकदार खरे, पण रंग हा एकेका वस्तूचा गुण. येथे प्रश्न संबंधाचा आहे. ‘मुलगी आली’ ह्या वाक्यात कर्त्याचे लिंग क्रियापदावर उमटते, त्या जातीचा हा पदांचा मेळ होय.

सप्टेंबर २०२३ मधील जावा २१ ने आभासी थ्रेड आणून हे चिन्हच अनावश्यक ठरविले. नेटवर्कवर वाट पाहण्याची वेळ येताच आभासी थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडवरून बाजूस होतो. लिखाण मात्र पूर्वीसारखेच सरळ राहते. विराम कोठे आहे हे वाचकास दिसत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही माझे मत जावाच्या बाजूने पडते. प्रत्येक विरामास चिन्ह देण्याचा हट्ट कोणतीही भाषा धरीत नाही.

चिन्ह हवे ते निराळ्याच ठिकाणी. थ्रेड महाग होते तोवर पूलचा आकार हीच विचारणांची मर्यादा असे; ती कोणी लिहीत नसे, पण पाळली जाई. थ्रेड स्वस्त होताच ती गळून पडली, आणि पलीकडची सेवा काही स्वस्त झालेली नाही. एका वेळी २० च विचारणा जाव्यात, हे आता सेमाफोर लावून स्वतंत्रपणे लिहावे लागते. ती ओळ ना ‘अवेट’ सुचविते, ना आभासी थ्रेड.