गेथशेमाने बागेतील प्रार्थना आणि ऐच्छिक आज्ञापालनाचा प्रश्न

ख्रिस्ती धर्मविचारात तारणाची संकल्पना बलिदानाशी निगडित आहे. मात्र या बलिदानाचे मोल रक्तात आहे की बळी जाणाऱ्याच्या संमतीत, हा प्रश्न मूलभूत आहे. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्रा’चा दहावा अध्याय चाळिसाव्या स्तोत्राचा आधार घेऊन पशुबळी अपुरे ठरवतो आणि देवाची इच्छा पूर्ण करण्यासाठी आलेल्या पुत्राला त्यांच्या जागी ठेवतो. पशूला संमती देता येत नाही, हे येथे सूचित होते.

‘उत्पत्ती’च्या 22व्या अध्यायात अब्राहामाचे आज्ञापालन स्पष्ट आहे, इसहाकाचे नाही. तो लाकडे वाहतो, कोकरू कोठे आहे एवढेच विचारतो. त्याच्या संमतीविषयी कथा मौन पाळते. पुढे यहुदी परंपरेने त्याला सज्ञान व राजी मानले, यावरूनच ते मौन वाचकांना किती खटकले असावे, हे दिसते.

गेथशेमानेत असे मौन नाही. मार्कच्या 14व्या अध्यायातील येशू व्याकूळ होतो, प्याला दूर व्हावा अशी याचना करतो आणि त्यानंतरच पित्याच्या इच्छेला मान देतो. सातव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपलच्या राजसत्तेने ख्रिस्तामध्ये एकच इच्छा होती, या मताला पाठबळ दिले. मॅक्सिमस या साधूने त्यास विरोध केला. मानवी इच्छाच नसेल तर आज्ञापालन कोणी केले, असा त्याच्या विरोधाचा आशय होता. त्याची जीभ व उजवा हात तोडण्यात आला आणि 662मध्ये तो हद्दपारीत मरण पावला. 680-81च्या धर्मपरिषदेने मात्र दोन इच्छांचा सिद्धान्तच मान्य केला. आज्ञापालनाच्या स्वातंत्र्यावरील हा वाद सक्तीने मिटवण्याचा प्रयत्न व्हावा, हा इतिहासातील विदारक विरोधाभास होय.

अन्सेल्मने 1098च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात आणखी एक सूक्ष्म भेद केला. पित्याने पुत्राला मरणाची सक्ती केली नाही. पुत्र न्यायाला चिकटून राहिला आणि त्यामुळे मरण ओढवले. हा युक्तिवाद देवावरील क्रौर्याचा आरोप बऱ्याच अंशी दूर करतो. परंतु 1989मध्ये जोआन कार्लसन ब्राउन आणि रिबेका पार्कर यांनी घेतलेला आक्षेप त्याने संपत नाही. पुत्राचे निमूट दुःखभोग आदर्श ठरल्यास अत्याचार सोसणाऱ्या स्त्रियांना काय शिकवले जाते, असा त्यांचा रोख आहे. याचे उत्तर सिद्धान्तापेक्षा संहितेतच शोधावे लागते, आणि तेथे अडचण वाढते. ‘पेत्राचे पहिले पत्र’ कठोर धन्यांच्याही अधीन राहण्यास दासांना सांगते आणि उदाहरण ख्रिस्ताच्या दुःखाचे देते. गेथशेमानेत होकारापूर्वी याचना आहे; प्याला टळावा असे म्हणण्याची मुभा आहे. पेत्राच्या पत्रातील दासाला ती याचना शिकवलेली नाही.