‘प्रोग्राम मेनपासून सुरू होतो’: एका वाक्याची तपासणी

एम्बेडेड सिस्टिम्सच्या बऱ्याच नोट्समध्ये तुम्हाला हे वाचायला मिळेल: रीसेटनंतर प्रोसेसर पत्ता शून्यावरची सूचना चालवतो आणि प्रोग्राम मेनपासून सुरू होतो. यातला पहिला भाग ८०५१पुरता बरोबर आहे. कॉर्टेक्स-एम शिकवतानाही तेच वाक्य जसेच्या तसे उतरवले जाते, तिथे घोळ होतो.

कॉर्टेक्स-एममध्ये शून्यावर सूचना नसते, व्हेक्टर टेबल असते. त्याच्या पहिल्या शब्दात स्टॅक पॉइंटरची सुरुवातीची किंमत असते, दुसऱ्यात रीसेट हँडलरचा पत्ता. हा हँडलर आरंभीची किंमत दिलेली ग्लोबल व्हेरिएबल्स फ्लॅशमधून रॅममध्ये आणतो, बाकीची शून्य करतो आणि मगच मेनला बोलावतो. एसटीएम३२एफ१०३मध्ये फ्लॅशचा खरा पत्ता हेक्समध्ये ०८०००००० आहे. बूट पिनांच्या स्थितीनुसार तीच फ्लॅश शून्यावरही दिसते.

एवढे गाळल्याने काय बिघडते? समजा, पहिल्या १६ केबीत बूटलोडर आहे आणि तुमचा प्रोग्राम ०८००४०००वर. लिंकर स्क्रिप्ट बदलली, बूटलोडरने उडी मारली, एलईडी लागला. पण टायमरचा पहिला इंटरप्ट येताच प्रोसेसर जुनेच टेबल पाहतो आणि बूटलोडरच्या हँडलरमध्ये जाऊन पडतो. तुम्ही टायमरचा कोड तपासत बसता. राहिलेले असते ते व्हीटीओआर रजिस्टरमध्ये नव्या टेबलचा पत्ता लिहिणे. कॉर्टेक्स-एम०मध्ये तर हे रजिस्टरच नाही. एसटीएम३२एफ०वर टेबल रॅमच्या सुरुवातीला कॉपी करून ती रॅम शून्यावर आणावी लागते. उपकरण शेतातल्या पंपावर बसवलेले असेल आणि दुरून केलेला अपडेट असा फसला, तर प्रोग्रामर घेऊन बांधावर जावे लागते.

‘रिलोकेशन’ हा शब्दही नोट्समध्ये सैल वापरला जातो. फ्लॅशमधल्याच दुसऱ्या पत्त्यासाठी कोड लिंक करणे वेगळे आणि तो रॅममध्ये कॉपी करून चालवणे वेगळे. सी-डॅकच्या तेजस३२मध्ये अंतर्गत फ्लॅश नाही. प्रोग्राम बाहेरच्या एसपीआय फ्लॅशमधून २५६ केबी एसरॅममध्ये येतो आणि तिथून चालतो. म्हणजे साठवण्याचा पत्ता एक, चालण्याचा दुसरा.

सोपे वाक्य पहिल्या तासाला चालेल, पण सेमिस्टरभर नाही. देवनहळ्ळीत मी मुलांना ब्रेकपॉइंट मेनवर न लावता रीसेट हँडलरवर लावायला सांगतो. तुम्हीही लावा, शेजारी मॅप फाइल उघडा आणि मेन येईपर्यंत एकेक सूचना चालवून पाहा.