डोंबिवलीच्या नटाचा मधला अंक

ठाणे ते कल्याण या पट्ट्याने मराठी नाटक, चित्रपट आणि मालिकांना भरभरून माणसं दिली आहेत. दिग्दर्शक रवी जाधव डोंबिवलीचे. भाऊ कदम डोंबिवलीत राहूनच नावारूपाला आले. ललित प्रभाकर कल्याणच्या प्रायोगिक रंगभूमीवरून आला, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधली शिवाली परब कल्याणची. प्रेक्षकही इथलाच. ठाण्याचं १९७८ सालचं गडकरी रंगायतन, घोडबंदर रोडकडचं घाणेकर नाट्यगृह, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर यांना वगळून मुंबईच्या कुठल्याही व्यावसायिक निर्मात्याचं शनिवार-रविवारचं गणित जुळत नाही. नट आहे, प्रेक्षक आहे, तरी इथे नाटक घडत नाही. ते बसमधून येतं, प्रयोग करतं आणि रात्री परत जातं. इथल्या नटाच्या आणि दिग्दर्शकाच्या कलेला याची मोठी किंमत मोजावी लागते आहे, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मात्र उत्तम होते. डोंबिवलीचं पेंढरकर, कल्याणचं बिर्ला, ठाण्याची जोशी-बेडेकर आणि ज्ञानसाधना अशा महाविद्यालयांत दरवर्षी नव्या मुलांची एकांकिका उभी राहते. वर्ग सुटल्यावर मिळेल त्या जिन्यात, गच्चीवर, सोसायटीच्या हॉलमध्ये तालमी चालतात. आयएनटी, लोकांकिका या एकांकिका स्पर्धा आणि वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्यांची 'चतुरंग'ची सवाई ही त्यांची स्वप्नं. २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालणाऱ्या सवाईला तुडुंब भरलेलं नाट्यगृह ज्याने पाहिलंय, तो या मुलांच्या निष्ठेबद्दल शंका घेणार नाही.

शंका घ्यायची ती स्पर्धेतल्या एकांकिकेच्या प्रकाराबद्दल. पाऊण तासात परीक्षकांच्या मनावर ठसायचं असतं. त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत धक्का, मध्ये समूहाच्या हालचाली, प्रकाशाचे तुकडे आणि शेवटी टाळी घेणारा कलाटणीचा क्षण, असा साचा ठरून गेला आहे. नेपथ्याच्या कल्पना अनेकदा थक्क करणाऱ्या असतात, पण नट त्या कल्पनेचा एक भाग होऊन राहतो. तो उंच सुरात बोलायला शिकतो, उंच सुरात संपवायलाही शिकतो. दोन अंकी नाटकाचा पहिला अंक संपताना प्रेक्षकाला थोडं अस्वस्थ ठेवायचं आणि मध्यंतरानंतर हळूहळू पात्राचा दुसरा चेहरा उघडायचा, हे त्याला कधी करावंच लागत नाही. पारितोषिकं मिळतात, पदवी मिळते आणि गट फुटतो.

पुढचा रस्ता ठरलेला आहे. डोंबिवलीहून फास्ट लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, अंधेरी-वर्सोवा, आणि तिथल्या आरामनगरच्या बंगल्यांतल्या ऑडिशन. २०१४ साली घाटकोपरची मेट्रो सुरू झाल्यावर दादरला गाडी बदलण्याचा हेलपाटा वाचला, आता घरीच चित्रित करून पाठवायच्या सेल्फ टेपमुळे बऱ्याच फेऱ्या वाचतात. पण शेवटी सेटवर जावंच लागतं. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट उभे राहिले याचा या पट्ट्यातल्या नटांना खरा आधार झाला. घर सोडावं लागत नाही, भाड्याच्या खोलीचा खर्च नाही. दिवसाच्या हिशेबाने मानधन, तेही तीन महिन्यांनी हातात पडणारं, पण पडणारं. ज्यांच्या घरी बाप रोज ७.१०ची लोकल पकडून बँकेत गेला, त्या घरांत हा 'नियमितपणा' फार मोठा वाटतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

तरीही मालिका नटाला काय शिकवते ते बघायला हवं. आठवड्यातून सहा दिवस भाग दाखवायचा तर रोज जवळजवळ एक भाग चित्रित करावाच लागतो. प्रसंग सकाळी हातात येतो, कधी सेटवरच. कॅमेरा चेहऱ्यावर सरकतो, नट प्रतिक्रिया धरून उभा राहतो. पात्र कुठे जाणार हे नटाला माहीत नसतं, कारण ते दर गुरुवारच्या टीआरपीवर ठरतं. उंच सूर शिकलेला एकांकिकेतला मुलगा आता एकच भाव धरून ठेवायला शिकतो. दोन्हींत कौशल्य आहे. पण भूमिकेला काळ देणं, चाळिसाव्या प्रयोगाला ती वेगळी उमगणं, हे ज्या रंगमंचावर घडतं, तो एकांकिका आणि मालिका यांच्यातला मधला अंकच त्याच्या आयुष्यातून गाळला जातो.

छबिलदास आठवण्याचं कारण हेच. १९७४ साली 'आविष्कार'ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं सुरू केली आणि जवळजवळ दोन दशकं मराठी नटांची, दिग्दर्शकांची एक पिढी तिथे घडली. तिथे भव्य काहीच नव्हतं. कमी भाडं, जवळ बसलेला प्रेक्षक, आणि चुकण्याची मुभा एवढंच होतं. त्यानंतर मराठी मध्यमवर्ग दादर-गिरगाव सोडून मध्य रेल्वेने उत्तरेला सरकला. छबिलदास मात्र त्याच्याबरोबर सरकलं नाही.

पूर्ण रिकामी जागा होती असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. कल्याणमध्ये कवी-दिग्दर्शक रवींद्र लाखे यांची 'मिती-चार' आणि अभिजित झुंजारराव यांची 'अभिनय, कल्याण' या संस्था चिकाटीने काम करत आल्या. 'लेझीम खेळणारी पोरं' हे झुंजाररावांचं नाटक कल्याणात राहूनही काय उभं करता येतं याचा दाखला आहे. ललित प्रभाकर 'मिती-चार'मध्ये घडला. त्याच्याकडे पाहिलं की मधल्या अंकाचं मोल कळतं. 'जुळून येती रेशीमगाठी'मधला आदित्य महाराष्ट्राच्या घराघरांत आवडता झाला, पण त्या गोड चेहऱ्यात तो अडकला नाही. 'आनंदी गोपाळ'मध्ये (२०१९) त्याने गोपाळरावांचा हट्ट, दुराग्रह आणि प्रेम यांतलं काहीच सौम्य केलं नाही. पत्नीवर हात उगारणाऱ्या माणसाला त्याने प्रेक्षकाच्या सहानुभूतीसाठी विनवण्या करू दिल्या नाहीत. असं काम करायला स्वतःवर विश्वास लागतो, आणि तो लहान रंगमंचावरच येतो.

भाऊ कदम यांची गोष्ट वेगळी आणि मला अधिक अस्वस्थ करणारी. 'फू बाई फू' आणि मग २०१४पासून 'चला हवा येऊ द्या' यांनी त्यांना घराघरांत नेलं. वाक्याआधी क्षणभर गप्प राहण्याचं त्यांचं टायमिंग वर्षानुवर्षांच्या नाटकांतून आलेलं आहे. 'नशीबवान'मध्ये (२०१९) सफाई कामगाराच्या भूमिकेत त्यांनी विनोदाचं आवरण उतरवलं तेव्हा किती मोठा नट समोर आहे हे दिसलं. आपण मात्र त्यांच्याकडे पुन्हा साडी नेसवलेला विनोदच मागितला.

दिग्दर्शकांचं चित्र याहून कठीण. मालिकेत दिग्दर्शक असतो, पण निर्णय वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीमचे असतात. तो दिवसाचा कोटा पुरा करतो, आणि त्याच्या कामावर त्याचा ठसा उरत नाही. रवी जाधव यांची वाट नाटकातून गेलीच नाही. जे. जे.मधलं उपयोजित कलेचं शिक्षण आणि जाहिरात यांतून ते 'नटरंग'पर्यंत पोहोचले. चौकटीतली रंगसंगती आणि गाण्यांची मांडणी यांत तो वारसा दिसतो. स्थानिक नाट्यगटातून आलेला, इथेच राहिलेला आणि राज्यभर ओळखला गेलेला व्यावसायिक दिग्दर्शक मला सहज आठवत नाही. लेखकाला हे जमलं. शं. ना. नवरे डोंबिवलीत राहून मुंबईच्या रंगभूमीसाठी लिहीत राहिले. लेखनाला एक टेबल पुरतं. दिग्दर्शकाला नट, जागा आणि वेळ लागतो.

चित्रपटांत डोंबिवली आली ती बाहेरच्यांच्या नजरेतून. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'ला (२००५) सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे आजही बोचतो, कारण त्याचा राग रोजच्या गर्दीतून साठलेला आहे. आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'ने (२०२२) पाणी, टॉवर आणि झोपडपट्टी यांचा संघर्ष भयपटात आणला. दोन्ही चित्रपट मला आवडतात. पण आगरी गावं, एमआयडीसीतले कामगार, पलावाकडची नवी वसाहत यांना आतून ओळखणारी कथा डोंबिवलीकराने अजून सांगायची आहे.

त्यासाठी काही कोटींचं नवं संकुल लागत नाही. असलेली नाट्यगृहं दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद ठेवू नयेत, ही पहिली अपेक्षा. सोमवार ते गुरुवार ती सत्कार आणि स्नेहसंमेलनांना मिळतात. त्यांतली आठवड्याची एक संध्याकाळ महापालिकेने परवडणाऱ्या भाड्यात स्थानिक संस्थांना द्यावी, पण एकाच नाटकाला सलग दहा आठवडे. पालिकेच्या शाळांचे हॉल रात्री दहापर्यंत तालमींसाठी उघडावेत. आणि तिकीट शंभर-दीडशे रुपयांचं ठेवून प्रयोग शेवटच्या लोकलआधी संपेल अशा वेळेला लावावा, म्हणजे कळवा-मुंब्र्यापासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंतचा प्रेक्षक घरी पोहोचेल आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येईल.