कुराणाचे वाचन आणि स्त्रीचा हक्क

मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांचा विचार महाराष्ट्रात दोन भिन्न भूमिकांतून झालेला आहे. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांसह मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला. तेव्हा त्यांचे आवाहन धर्मग्रंथाला नव्हते, राज्यसंस्थेला होते. याउलट 2007 साली स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने कुराणच प्रमाण मानले व 2014 साली त्या आधारे कौटुंबिक कायद्याचा मसुदा सिद्ध केला. अर्थ लावण्याचा उलेमांचा एकाधिकार येथे स्त्रियांनी नाकारला, हे या भूमिकेचे खरे महत्त्व होय.

तलाकच्या प्रश्नात तिचे बळ विशेष प्रत्ययास येते. चौथ्या सूऱ्यातील 35वी आयत पतिपत्नींत बेबनाव झाल्यास उभय कुळांतून एकेक लवाद नेमण्यास सांगते. परभणी जिल्हा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने 2002 साली याच दिशेने निर्णय दिला. तलाकला सयुक्तिक कारण हवे, समेटाचा प्रयत्न हवा, आणि हे सर्व न्यायालयात शाबीत झाले पाहिजे. पोटगीच्या दाव्यात पतीने 'तलाक पूर्वीच दिला' एवढे लिहून भागत नाही. जिंतूर वा पाथरीच्या स्त्रीच्या दृष्टीने पुराव्याचा भार पतीवर जाणे ही मोठीच गोष्ट आहे.

बहुपत्नीत्वाविषयी मात्र हीच पद्धती तितकी निर्णायक ठरत नाही. त्याच सूऱ्यातील 3री आयत न्यायाच्या अटीवर चार विवाहांस मुभा देते. 129वी आयत असा न्याय अशक्य असल्याचे सांगते. दोहोंच्या एकत्रित वाचनातून मनाईचा निष्कर्ष काढला जातो. तथापि 129वी आयत पुढे एका पत्नीला अधांतरी ठेवू नका, असेही बजावते. म्हणजे अनेक पत्नी तेथे गृहीतच आहेत. परंपरावादी पक्ष यावरच बोट ठेवतो, व त्याचा हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

यावरून धर्मांतर्गत भूमिका व्यर्थ ठरत नाही; तिची मर्यादा तेवढी स्पष्ट होते. जो हक्क केवळ अर्थनिर्णयावर उभा असतो, तो प्रतिपक्षाच्या अर्थनिर्णयाने डळमळू शकतो. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. त्या तिघांपैकी एका न्यायमूर्तींनी तो कुराणाशी विसंगत ठरविला, तर दोघांनी संविधानाच्या 14व्या अनुच्छेदाचा आधार घेतला. यांपैकी कोणतेही एक मत वजा केले असते, तर बहुमत उरले नसते. स्त्रीला आपल्या धर्मात बोलण्याचा अधिकार वाचनाने मिळतो. त्या वाचनात ती वादात हरली तरी तिचा हक्क अबाधित राखणे हे संविधानाचे कार्य आहे.