न लिहिलेली अडीच वर्षं : मार्शल रोकोसोव्स्कींच्या आठवणी कशा वाचायच्या?

आज आपल्यापुढे आहे ते मार्शल कॉन्स्टंटिन रोकोसोव्स्की यांचं ‘सैनिकाचे कर्तव्य’. मूळ रशियन पुस्तक १९६८ साली आलं, म्हणजे मार्शल वारले त्याच वर्षी. सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांत स्वस्तात मिळणारे ग्रंथ ज्यांनी कधीकाळी घरी आणले, त्यांना या जातीच्या युद्धस्मृती ओळखीच्या आहेत. नकाशे, डिव्हिजनांचे क्रमांक आणि पानोपानी शौर्य. त्यामुळे आपण ती पानं भराभर उलटतो. हे पुस्तक मात्र तसं उलटू नये, असं आम्हाला वाटतं.

सुरुवातच बघा. १९४० चा वसंत ऋतू. लेखक कुटुंबासह सोचीला, समुद्रकाठी राहून आले आहेत. मग मार्शल तिमोशेंको त्यांना बोलावून घेतात आणि घोडदळाच्या कोअरवर नेमणूक होते. झालं, कथा सुरू. आता आपण विचारू, की युरोपात युद्ध पेटलेलं असताना हा चाळिशीतला अनुभवी अधिकारी निवांत समुद्रकाठी काय करत होता? त्याआधी तो कुठे होता?

उत्तर पुस्तकात नाही. ते बाहेरून आणावं लागतं. ऑगस्ट १९३७ मध्ये रोकोसोव्स्कींना अटक झाली होती. आरोप होता पोलंड आणि जपानसाठी हेरगिरीचा. वडील पोलिश, बालपण वॉर्सात गेलेलं. त्या काळात संशयाला एवढं पुरे होतं. सुटका झाली मार्च १९४० मध्ये. मारहाणीत त्यांचे दात पडले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे सोचीची ती सुट्टी तुरुंगातून सुटलेल्या माणसाची होती. हे कळल्यावर तेच वाक्य पुन्हा वाचा. ते पहिल्यासारखं राहत नाही.

कोणी म्हणेल, हे सेन्सॉरचं काम. बरोबर, १९६८ साली हा विषय छापणं अवघडच होतं. पण १९९७ मध्ये गाळलेल्या मजकुरासह नवी आवृत्ती निघाली. युद्धपूर्व तयारीवरची आणि १९४१ च्या नेतृत्वावरची कडक टीका त्यात परत आली. तुरुंग मात्र तिथेही नाही. तेव्हा निदान हे मौन फक्त कात्रीचं नाही. माणसाला स्वतःच्या यातनांबद्दल न बोलण्याचा हक्क असतो, आणि तो आपण मान्य करायला हवा.

शिवाय, ज्याने हे सोसलं तो दबून गेला असेल म्हणावं, तर पुस्तक उलटंच दाखवतं. नोव्हेंबर १९४१, मॉस्कोच्या वायव्येला. रोकोसोव्स्कींच्या १६व्या सैन्याला इस्त्रा जलाशयाच्या रेषेवर वेळीच मागे यायचं होतं, म्हणजे कमी माणसांत पक्का बचाव करता आला असता. आघाडीप्रमुख झुकोव्ह नाही म्हणाले. रोकोसोव्स्कींनी थेट जनरल स्टाफचे प्रमुख शापोश्निकोव्ह यांना विचारलं आणि परवानगी मिळवली. लगेच झुकोव्हांची तार आली, की आघाडीवर हुकूम माझा चालतो, माघार रद्द. गंमत म्हणजे १९३० च्या सुमारास हेच झुकोव्ह रोकोसोव्स्कींच्या डिव्हिजनमध्ये ब्रिगेड सांभाळत होते! हा प्रसंग लेखक आडपडदा न ठेवता सांगतात. त्यांची तक्रार मानापमानाची नाही, विनाकारण गेलेल्या माणसांची आहे.

दुसरा प्रसंग मे १९४४ चा. बेलारूसमधल्या बाग्रातियन मोहिमेची आखणी चालू होती. बोब्रुइस्कच्या दिशेने एकच मोठा तडाखा द्यावा, असा मॉस्कोचा आग्रह. दलदलीच्या मुलखात दोन सारखे तडाखे हवेत, हे रोकोसोव्स्कींचं मत. स्टालिनने त्यांना दोनदा बाजूच्या खोलीत जाऊन विचार करायला सांगितलं. ते दोनदा तेच उत्तर घेऊन परतले. शेवटी योजना मान्य झाली, आणि ती यशस्वी ठरली. जूनअखेर ते मार्शल झाले.

इथवर आल्यावर या माणसावर आपला जीव जडतो. समीक्षेची परीक्षा इथेच आहे, मंडळी. कारण पुढे वॉर्सा येतं.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला. तो ६३ दिवस चालला. दीड ते दोन लाख नागरिक मारले गेले. विस्तुलेच्या पूर्वेकडे रोकोसोव्स्कींची आघाडी होती. ते लिहितात, उठाव अवेळी झाला, आमच्याशी कोणी समन्वय साधला नाही, सैन्य शेकडो किलोमीटर लढत आल्याने थकलं होतं. यात तथ्य आहे. वॉर्साच्या उंबरठ्यावर त्यांच्या रणगाड्यांना जबर मार बसला होता. पण हे पूर्ण सत्य नाही. ८ ऑगस्टला झुकोव्ह आणि रोकोसोव्स्की यांनीच मॉस्कोला वॉर्सा मोहिमेचा प्रस्ताव पाठवला होता, २५ ऑगस्टपासून सुरुवात करण्याचा. ती मोहीम झाली नाही. मदत टाकायला आलेल्या मित्रराष्ट्रांच्या विमानांना सोव्हिएत तळांवर उतरू द्यायलाही मॉस्कोने कित्येक आठवडे नकार दिला. हे निर्णय रोकोसोव्स्कींचे नव्हते, हे खरं. पण पुस्तकात दोषाचा सगळा भार उठाव करणाऱ्यांवर पडतो, आणि स्टालिनपुढे दोनदा न झुकलेल्या माणसाची भाषा इथे एकदम सरकारी होते.

पुढचं तर पुस्तकात येतच नाही. कथा १९४५ ला थांबते. १९४९ ते १९५६ हेच रोकोसोव्स्की पोलंडचे संरक्षणमंत्री होते, मॉस्कोने बसवलेले. जून १९५६ मध्ये पोझनानच्या कामगारांवर सैन्य गेलं, तेव्हा खातं त्यांच्याकडे होतं. त्याच वर्षी पोलंडने त्यांना परत पाठवलं.

मग हे पुस्तक वाचायचं कसं? आमचं म्हणणं साधं आहे. यात दोन प्रकारची मौनं आहेत. एक स्वतःच्या दुःखाबद्दलचं, दुसरं इतरांच्या. दोन्ही एकाच काळाने लादली असतील, पण आपण ती एकाच खात्यात जमा करू नयेत. तुरुंगाबद्दल ते गप्प राहिले, तिथे आपण आदराने थांबू. वॉर्साबद्दल मात्र आपण थांबायचं नाही, विचारायचं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातून अन्याय घडतच नाही, ही आपली लाडकी समजूत आहे, आणि हे पुस्तक नीट वाचलं तर ती टिकत नाही.

म्हणूनच पुन्हा सांगतो, हे पुस्तक उलटू नका, वाचा. सोचीच्या त्या ओळीपाशी थांबा, आणि विस्तुलेच्या काठाशी त्याहून जास्त वेळ थांबा.