पडद्यावरील खेळ आणि कथकाची वाणी

दूरचित्रवाणीवरील खेळाचें वर्णन हा रसचर्चेचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका आमच्या वाचकांस येणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या वाणीनें लक्षावधि माणसें एकाच क्षणीं हेलावतात, तिला साहित्यविचाराच्या उंबरठ्याबाहेर उभें करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. स्पॅनिश भाषेंतील फुटबॉलवर्णन ही अशी एक वाणी होय. दक्षिण अमेरिकेंत वर्णनकारास ‘रेलातोर’, म्हणजे कथन करणारा, असें म्हणतात. भाष्य करणारा सोबती निराळा असतो.

या कथनाचें प्रसिद्ध लक्षण म्हणजे लांबविलेला ‘गोऽऽल’ हा पुकारा. त्याचें मूळ ब्राझीलच्या पोर्तुगीज रेडिओवर सांपडतें. पण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो घरोघर पोंचला, तो ब्यूनोस आयरेस येथें जन्मलेल्या आंद्रेस कांतोर यांच्या कंठांतून. १९९४ सालीं विश्वचषकाचे सामने त्या देशांत झाले, तेव्हां ‘युनिव्हिजन’ वाहिनीवरील त्यांचे पुकारे इंग्रजीभाषकांतहि गाजले. २००० सालीं ते ‘टेलेमुंडो’ वाहिनीकडे गेले.

इंग्रजी वळणाचे रसिक यावर आक्षेप घेतात, व तो अगदींच टाकाऊ नाहीं. रेडिओवर शब्द हेच श्रोत्यांचे डोळे असतात. पडद्यावर चेंडू दिसत असतां शब्दांचा एवढा पूर कशासाठीं? याचें उत्तर एका उदाहरणांत आहे. २२ जून १९८६ रोजीं मेक्सिको शहरांत मॅराडोनानें इंग्लंडविरुद्ध आपला दुसरा गोल केला, तेव्हां उरुग्वेचे व्हिक्टर ह्यूगो मोरालेस यांनीं रेडिओवरून त्याला ‘विश्वांतला पतंग’ म्हटलें. त्या गोलाचें चित्रण आज सहज पाहावयास मिळतें. तरी लोक त्यास मोरालेस यांचा आवाज जोडून पाहतात. चित्र घटना दाखवितें. ती कोणाच्या काळजास कशी भिडली, तें शब्द सांगतो. आलापांत अर्थवाही शब्द नसतात, म्हणून त्यास कोणी निरर्थक म्हणत नाहीं.

दोष आहे तो निराळाच. निकाल ठरून गेलेल्या सामन्यांतील चौथ्या गोलासहि पहिल्याइतकाच पुकारा मिळाला, कीं अलंकाराची सवय होते आणि भाव मागें पडतो.

१८ डिसेंबर २०२२ रोजीं कतारमधील लुसैल येथें अर्जेंटिना व फ्रान्स यांचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरींत राहिला, व पेनल्टींवर अर्जेंटिनानें तो ४-२ असा जिंकला. माँतिएलचा निर्णायक फटका जाळ्यांत जातांच कांतोर यांचा कंठ दाटला, आणि जन्मभूमि विश्वविजेती झाल्याचें त्यांनीं रडत रडत सांगितलें. हा तटस्थतेचा भंग काय? निकालापूर्वीं असें घडतें, तर आम्हींहि दोष दिला असता. भरतानें सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांत स्वरभंग व अश्रु या दोहोंची गणना आहे. पुकारा सरावानें साधतो. असा स्वरभंग साधून येत नाहीं.

स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची शाळा इंग्रजी, पुढें नोकरीहि इंग्रजी. आजीची भाषा घरगुती बोलण्यापुरतीच उरण्याचें भय तेथें खरें आहे. अशा घरांत आजी व नातू एकाच पुकाऱ्यासरशीं उठून उभीं राहतात, ही गोष्ट लहान नव्हे. बाळ ज. पंडित यांचें मराठी क्रिकेटवर्णन आकाशवाणीवरून ऐकलेल्या घरांस तिचें मोल सांगावयास नको. परभाषेंत खेळ समजतो. हर्ष मायबोलींत अधिक मोकळा होतो. म्हणून या कथकांकडे आमचें मागणें एवढेंच, कीं हें धन त्यांनीं जपून खर्चावें.